लोकांच्या वाकळा

आमचं कृषी पर्यटन केंद्र बंद पडलं तेव्हा सांत्वनाला सगळ्यात आधी धावून आले ते उद्घाटनाला पोटभर जेवून गेलेले लोक. मधल्या काळात त्यातल्या एकानंही तिकडं तोंड दाखवलं नव्हतं. आता मात्र चहा पीत, मान हलवत, "आमाला तवाच वाटलं हुतं" असं म्हणत ते आमच्या ओसरीवर तास तास बसत. तेव्हाच वाटलं होतं तर तेव्हाच का बोलला नाहीत, असं मी एकाला विचारलं. तो म्हणाला, "चांगल्या कार्यात कशाला अपशकुन करायचा?" आणि बशीतलं शेवटचं बिस्कीट उचललं.

कोरेगावपासून थोडं आत आमची उसाची जमीन. माझे यजमान फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन आले. त्यांनी ट्रंक खाली ठेवली नाही तोवर थोरल्या दिरांनी केंद्राची कल्पना त्यांच्यासमोर मांडली. थोरले दीर म्हणजे गावातलं वजनदार माणूस. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, कुठल्याही कार्यक्रमात बसायला दुसऱ्या रांगेत आणि फोटोला पहिल्या. त्यांनी पुण्याहून एक सल्लागार आणला होता. त्या पोरसवद्या माणसानं आमच्या बांधावर उभं राहून, बूट चिखलात जाणार नाहीत याची काळजी घेत, आम्हाला सांगितलं, "काका, शहरातल्या लोकांना मातीचा वास हवाय. आपण तो विकायचा."

मी कवठे महांकाळच्या कोरड्या भागातली. माहेरी मेंढरं होती, मातीही होती, आणि तिचा वास आम्हाला उन्हाळाभर नाकातोंडात मिळायचा. तो पैसे देऊन घेणारा माणूस मला एकदा डोळ्यांनी बघायचाच होता. म्हणून मी काही बोलले नाही.

मग झोपड्या उठल्या. सिमेंटच्या, वर गवत. मध्यभागी सिमेंटचा बैल, त्याच्या तोंडातून कारंजं. ती कल्पना दिरांची. खरे बैल शेजारच्या गावातून शनिवार-रविवारपुरते भाड्यानं यायचे. पाहुण्यांची फोटोची हौस फिटली की बैल परत घरी. चुलीवरची भाकरी हवी म्हणून आलेली माणसं धूर आला की खोकत बाहेर जायची आणि पनीर मिळेल का विचारायची. एका बाईनं मला विचारलं होतं, "तुम्ही खऱ्या गावच्या आहात की स्टाफ?" मी तिला म्हटलं, "दोन्ही." तिनं माझाही फोटो काढला.

तरीही केंद्र चाललं असतं. पण दिरांच्या दोस्तमंडळींना जागा आवडली. ती येत, फुकट खात, बाटल्या उघडत, कारंज्याच्या बैलावर बसून गाणी म्हणत. बायकामुलं घेऊन आलेली कुटुंबं हे बघून सामान आवरून निघून जात. यजमान एकदा दिरांना बोलले. दीर म्हणाले, "अरं, ही माणसं हायत म्हणून आपली वट हाय." वट राहिली, पाहुणे गेले. दुसऱ्या पावसाळ्यात झोपड्यांचं गवत कुजलं आणि गेटला कुलूप लागलं.

आवराआवरीत माझ्या वाट्याला आला वाकळांचा ढीग. पाहुण्यांच्या अंगावर घालायला म्हणून मी त्या माहेरच्या बायकांकडून शिवून घेतल्या होत्या, काही स्वतः शिवल्या होत्या. जुन्या साड्या, धोतरं एकावर एक घालून बारीक धावदोऱ्यानं शिवलेली जाडजूड वाकळ. सगळ्या केंद्रात पाहुण्यांनी खरोखर मनापासून वाखाणलेली ती एकच गोष्ट. पण ती भिजली की तिचं वजन माणसाएवढं होतं. दोन बायका लागतात, एकीनं धरायची, दुसरीनं पिळायची, आणि दुसऱ्या दिवशी दोघींच्या कमरा धरलेल्या. मला एकटीला तो ढीग होईना. म्हणून आम्ही टेंपोत घालून तो साताऱ्याला एका ड्रायक्लीनरकडे नेला.

दुकान काचेचं. आत शेरवान्या, शालू, सुट. काउंटरवरच्या माणसानं आमची वाकळ बघितली आणि मेलेलं जनावर आत आणल्यासारखा मागं सरला. "हे आम्ही घेत नाही."

"का? कापडच हाय न्हवं?"

"अहो बाई, आमच्याकडं चांगले कपडे येतात."

त्याच्या मागं नवरदेवाची एक शेरवानी लटकली होती. तिच्या कॉलरवर मळाची काळी रेघ स्पष्ट दिसत होती. तो मळ चांगला आणि आमचा वाईट. मी वाकळ उचलली आणि बाहेर आले.

परत येताना मी टेंपोतून बाहेर बघत होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घरं जात होती. प्रत्येक घरात कोपऱ्यात, कॉटखाली, माळ्यावर हाच ढीग असणार. नवरात्राच्या आधी प्रत्येक घरातली बाई तो कालव्यावर नाहीतर विहिरीवर नेऊन बडवणार आणि मग आठवडाभर कण्हणार. आणि ज्याचा धुण्याचाच धंदा आहे तो माणूस हे कापड हातात धरायला तयार नाही. कोरेगाव यायच्या आत मी यजमानांना म्हटलं, "आवं, आपण वाकळा धुवायचा धंदा काढू."

त्यांनी गाडी चालवता चालवता थोडा वेळ विचार केला. फौजेतल्या माणसाला धुण्याची लाज नसते, त्यांनी उभं आयुष्य स्वतःचे कपडे स्वतः धुतले होते. ते म्हणाले, "मशीन लय मोठं लागंल."

त्यांची हरकत तेवढीच.

घरच्यांना सांगायची वेळ आली ती एका जेवणाच्या दिवशी. थोरल्या घरात सगळे जमले होते आणि जेवण झाल्यावर आमचं पुढं काय करायचं यावर चर्चा सुरू झाली. आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. एक पाहुणे म्हणाले, चहाची फ्रँचायझी घ्या. दुसरे म्हणाले, विम्याची एजन्सी. तिसऱ्यांनी शेळ्या सुचवल्या आणि माझ्याकडं बघून हसले, "वहिनीच्या माहेरचाच धंदा." मी त्यांना हसू दिलं. मग सांगितलं, आम्ही वाकळा धुणार आहोत.

जाऊबाई तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. थोरले दीर माझ्याशी कधी थेट बोलत नसत. मी समोर असले तरी ते यजमानांकडंच बघून बोलत. तसंच बोलले, "तुझ्या बायकोला सांग, आपलं घराणं काय, आपली इज्जत काय. आता लोकांच्या पोरांचं मूत धुवायचं?"

मी म्हटलं, "भावजी, केंद्रावर तुमच्या दोस्तांनी ओकलेलं मीच धुवत हुते. तवा घराणं कुठं गेलं हुतं?"

जाऊबाईंचं हसू थांबलं. शेळ्यावाले पाहुणे पायात चपला शोधायला लागले. दीर उठले आणि यजमानांना एवढंच म्हणाले, "विहीर सामाईक हाय. तिच्या पाण्याचा एक थेंब मी ह्या कामाला देणार न्हाई. कुणाला सांगायचं त्याला सांग."

यजमानांनी कुणालाच सांगितलं नाही. ते फौजेतल्या एका जुन्या दोस्ताकडं गेले. त्या दोस्तानं इस्लामपुरात गाड्या धुवायचं सेंटर काढलं होतं आणि मणक्याच्या दुखण्यानं ते बंद केलं होतं. बोअरला पाणी होतं, सांडपाण्याची नाली होती, वर सपाट गच्ची होती. दोस्त म्हणाला, "ले ले यार, ऐसेही पडा है." थोरल्या भावाकडं न मिळालेलं पाणी दोस्तानं असं एका वाक्यात देऊन टाकलं. आम्ही इचलकरंजीहून एक जुनं मोठं ड्रमचं मशीन आणलं, पाणी पिळून काढणारं दुसरं आणलं, आणि दोन खोल्या भाड्यानं घेऊन इस्लामपूरला राहायला गेलो.

मधे एक गंमत झाली. कुणीतरी सुचवलं म्हणून मी सांगलीला एका शिबिराला गेले. धंद्यात बुडालेल्यांना पुन्हा उभं करायचं शिबिर. हॉल गार होता, वक्ता गरम. त्याच्या कानाला माइक चिकटवलेला, त्यामुळं त्याचे दोन्ही हात मोकळे होते आणि ते तो सारखे हवेत फेकत होता. त्यानं आम्हाला सांगितलं की अपयश ही देवानं दिलेली भेट आहे. मग म्हणाला, अपयशासाठी टाळ्या वाजवा. माझ्या शेजारी एक गृहस्थ बसले होते, त्यांची बेकरी नुकतीच गेली होती. त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांचा चेहरा मला बघवेना. चहाच्या वेळी मी वक्त्याला विचारलं, "तुमचा कुठला धंदा बुडाला हुता?" तो म्हणाला, "मी लोकांना घडवतो." म्हणजे त्याचा एकही बुडाला नव्हता, कारण त्यानं एकही काढला नव्हता. मी काय काढणार हे ऐकून त्यानं नाव सुचवलं, क्विल्ट केअर स्टुडिओ. मी घरी येऊन पाटी रंगवून घेतली: 'वाकळा, गोधड्या धुऊन मिळतील.'

पाटी वाचायला पुष्कळ लोक थांबायचे, आत कुणी यायचं नाही. हे मला आधी कळायला हवं होतं. माणसं गळ्यातला दागिना चारचौघांत मिरवतात, पण आपण रोज रात्री कशावर निजतो ते दाखवायला मरणाचा संकोच. समोरच्या बाजूला बायका उभ्या राहत, आमच्या मशीनकडं बघत, एकमेकींना कोपरानं ढोसत आणि निघून जात. त्याच रस्त्यावर शेजारच्या गाड्या धुवायच्या सेंटरमध्ये दारूच्या वासाच्या, चिखलानं भरलेल्या जीपगाड्या रांगेत उभ्या. गाडी घाण असली तर मालकाची ऐट, वाकळ घाण असली तर बाईची बेअब्रू.

पहिलं गिऱ्हाईक म्हणून एक म्हातारा आला. जवळच्याच गावचा, डोक्याला पटका, काखेत प्लास्टिकच्या पोत्यात काहीतरी गुंडाळलेलं. तो दारातच उभा राहिला.

"ताई, एक इचारू का? आजारी माणसाची घेता का?"

"घेतो की."

"मेलेल्या माणसाची?"

त्याची बायको बरेच महिने अंथरुणाला खिळून होती आणि गेली होती. ज्या वाकळेवर ती होती ती सुनांनी नदीत सोडायला काढली होती. म्हातारा ती उचलून एसटीनं घेऊन आला होता. सुनांना वास सहन होत नव्हता. सासूच्या दागिन्यांना तो वास लागला नसावा, कारण ते वाटून झाले होते, हे त्यानंच सांगितलं. तक्रार म्हणून नाही, नुसतं सांगितलं.

मी पोतं उघडलं. वास होता, तो नाही म्हणणार नाही. वाकळ इतकी जीर्ण होती की मशीनमध्ये तिच्या चिंध्या झाल्या असत्या. मी ती टाकीत भिजत घातली. माहेरी लोकर धुवायला रिठे वापरायचो, तेच वापरले, आणि हातानं हलक्यानं धुतली. पाणी पुन्हा पुन्हा बदललं. यजमानांनी आणि मी चार कोपरे धरून ती गच्चीवर आडवी वाळत घातली. वरचा थर विरला होता, त्यातून आतल्या साडीचा हिरवा काठ दिसत होता. विरलेल्या जागी मी टाके घातले, काठ मात्र तसाच दिसत ठेवला.

म्हातारा न्यायला आला. त्यानं वाकळ हातात घेतली, तोंडाजवळ नेली, वास घेतला. मग तो हिरवा काठ बोटानं चाचपला.

"ही लग्नातली," तो म्हणाला. "आजाराचा वास गेला बघा. आता तिची वाटती."

तो बराच वेळ बसला. यजमानांनी चहा आणला, तोही तो सावकाश प्याला. मग वाकळ काखेत मारून एसटी स्टँडकडं निघून गेला. ह्या सगळ्या काळात मला ज्यांच्याबद्दल वाईट बोलावंसं वाटत नाही अशी माणसं थोडी, त्यात हा म्हातारा पहिला.

त्यानं गावात देवळाच्या पारावर बसून येईल त्याला सांगितलं असावं. आधी त्याच्या गावच्या बायका आल्या, मग त्यांच्या नात्यातल्या, मग ज्या समोर उभ्या राहून कोपरं मारत होत्या त्याही आल्या. तोंड उघडलं की सगळ्यांचं पहिलं वाक्य एकच: "आमची काय एवढी घाण न्हाई हां." मी प्रत्येकीला व्हय म्हणायची. मशीनमधून पहिलं पाणी निघायचं ते काळं डांबरासारखं.

नवरात्र जवळ आलं तशी दारात पोत्यांची थप्पी लागली. आम्ही दोन बायका कामाला ठेवल्या आणि टेंपो गावोगाव फिरवायला काढला. त्यावर भोंगा. आवाज यजमानांचा, परेडवर हुकूम द्यावा तसा: "वाकळ! गोधडी! चादर! ब्लँकेट! धुऊन, वाळवून, घडी घालून घरपोच!" लोक दचकून दाराबाहेर यायचे. टेंपो कराडपर्यंत जायला लागला.

असाच कराडहून एकदा पोत्यांचा एक मोठा गठ्ठा आला. नाव जाऊबाईंच्या बहिणीचं. मी पोतं सोडलं आणि पहिलीच वाकळ बघून हात थांबला. तिचे टाके माझे होते. नवी नवरी म्हणून त्या घरात गेले तेव्हा थोरल्या घरासाठी मी ती शिवली होती. खालच्या सगळ्या त्याच घरच्या. जाऊबाईंनी घरातला ढीग कोरेगावहून गुपचूप बहिणीकडं पोचवला होता आणि बहिणीच्या नावानं माझ्याकडं. घराण्याची इज्जत कराडमार्गे इस्लामपूरला आली होती, पोत्यात भरून.

यजमान म्हणाले, "कराडलाच परत देऊन टाकू. कशाला?"

मी म्हटलं, "घरपोच म्हणतो न्हवं आपण? मग घरपोच द्यायचं."

मी त्या वाकळा कुणाच्या धुतल्या नसतील इतक्या नीट धुतल्या. यजमानांनी फौजी घडी घातली, कोपऱ्याला कोपरा. आणि आम्ही दोघं टेंपो घेऊन थेट गावी गेलो. वेशीपासूनच भोंगा चालू.

थोरल्या घरापुढं खुर्च्या मांडलेल्या होत्या. सोसायटीची निवडणूक तोंडावर होती, दीर मध्ये बसले होते, भोवती माणसं. टेंपो दारात थांबला. "वाकळ! गोधडी!" यजमानांनी भोंगा बंद करायला जरा वेळ लावला. मी त्यांना तसं सांगितलं नव्हतं. जाऊबाई आवाज ऐकून बाहेर आल्या आणि मला बघून उंबऱ्यातच खिळल्या. मी गठ्ठा घेऊन उतरले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "आक्का, ह्या तुमच्या वाकळा. डाग समदे गेले. एक चहाचा तेवढा ऱ्हायला."

माणसं एकदा वाकळांकडं, एकदा दिरांकडं बघायला लागली. मला वाटलं आता हा माणूस उठून आत जाईल, नाहीतर ओरडेल. मी त्यासाठी तयार होऊन आले होते. शब्द जुळवून ठेवले होते. दिरांनी घसा साफ केला, हसले, आणि उजवा हात आमच्याकडं असा पसरला की जणू आम्ही त्यांच्याच बोलावण्यावरून आलो होतो.

"हा आमच्या घरचाच उद्योग," ते म्हणाले. "मीच ह्यास्नी म्हणलं हुतं, पर्यटनात काय राम न्हाई. लोकांच्या गरजेचं काय तरी काढा. आज बघा."

माझे जुळवलेले शब्द तसेच राहिले. खोटं बोलताना माणूस अडखळतो अशी माझी समजूत होती. त्यांची पापणीही हलली नाही. खुर्चीतला एक जण लगेच म्हणाला, "मग दादा, आमच्या बी न्यायला सांगा की." दिरांनी उदार होऊन यजमानांना सांगितलं, "ह्यांच्या पण घ्या रं." आणि आम्ही त्यांच्या अंगणातून टेंपो भरून निघालो. यजमान वाटेत खूप हसले. मला हसू आलं नाही. भांडण जिंकायला गेले होते आणि समोरच्यानं भांडणच स्वतःच्या नावावर करून घेतलं होतं.

दिवाळीनंतर दीर इस्लामपूरला आले. बरोबर दोन माणसं. पहिल्यांदाच ते माझ्याकडं बघून बोलले. "हे बघा, कोरेगावात शाखा काढू. मोठा कार्यक्रम घेऊ. फीत कापायला वजनदार माणूस आणायचं काम माझं."

"आणि पाणी, भावजी?"

"पाण्याचं काय? घरचीच विहीर हाय की."

बरोबरच्या दोघांनी माना डोलावल्या. मी यजमानांकडं बघितलं. ते घडी घालत होते, थांबले नाहीत. ते फक्त म्हणाले, "दादा, आमी इथंच बरे हाय." इतक्या वर्षांत थोरल्या भावाला त्यांनी दिलेला हा पहिला नकार. तो देताना त्यांचा आवाज भोंग्यातल्यापेक्षा खूप हळू होता, पण दिरांना नीट ऐकू गेला. त्यांनी चहा घेतला, मशीन कुठून आणलं याची चौकशी केली आणि गेले. पुढं कळलं की त्यांनी कोरेगावात स्वतःच्या पोराला तसलंच सेंटर काढून दिलं, फीत कापून, मंडप घालून. ते उन्हाळ्यापर्यंत चाललं. भिजलेली वाकळ उचलायला घरातलं कुणी तयार नव्हतं.

आमचं चाललंय. फार मोठं झालेलं नाही, आणि व्हावं असंही मला वाटत नाही. कामाला आता आणखी बायका आहेत, वसतिगृहांच्या चादरी येतात. माझे हात साबणानं उलले आहेत, थंडीत ते फार दुखतात. पूर्वी मला 'केंद्राच्या मॅडम' म्हणणारे लोक आता 'वाकळवाली' म्हणतात. त्यात मला कमी काही वाटत नाही, कारण मॅडम म्हणून मला कुणी कधी स्वतःच्या घरातलं काही विश्वासानं दिलं नव्हतं.

परवा एक बाई गाडीतून उतरली. ड्रायव्हरच्या हातात मखमली ब्लँकेटांचा गठ्ठा, प्रत्येकावर दुकानाचं लेबल तसंच. कोरी करकरीत ब्लँकेटं.

"ही तर नवी हायत, ताई. धुवायची कशाला?"

"मुलीला बघायला पाहुणे येणार आहेत," ती म्हणाली. "मुक्कामाला राहतील. धुतल्याचा वास यायला पाहिजे, म्हणजे वापरातली वाटतील."

मी लेबलं काढू का विचारलं. तिनं लेबलावरून बोट फिरवलं आणि ती म्हणाली, "राहू द्या. किंमत दिसेल अशी राहू द्या."

मी पावती फाडली आणि तिच्या ब्लँकेटांना नंबर लावला.